बेसिनखालची मिस्त्रीण

आमच्या इमारतीत नळ गळला, मोरी तुंबली, टाकी भरून वाहिली की सगळ्यांच्या तोंडी एकच नाव यायचं, मिस्त्री. मिस्त्री तसे गवंडीही असतात आणि सुतारही, पण आमच्याकडे नुसतं मिस्त्री म्हटलं की नळाचेच. माणूस अंगानं आडवा, आवाजानं दणदणीत, आणि कामात असा चोख की त्यांनी आवळलेला नट आपण होऊन सैल झालेला मी तीस वर्षांत पाहिला नाही. एकदाच एक नट सैल झाला, आणि तो माझ्या हातांनी झाला. तेच सांगायचं आहे. सांगताना जीभ अडखळते, पण या सगळ्यात माती तिनंच खाल्ली, तेव्हा राबू दे तिलाच.

दोनएक वर्षांपूर्वी मिस्त्री शिडीवरून पडले. हाड मोडलं नाही, पण उजवा खांदा धरला तो धरलाच. हात छातीपर्यंत येतो, वर जात नाही. त्यानंतर ते कामाला येताना बायकोला बरोबर आणायला लागले. बायको म्हणजे एवढीशी चिमणी, वाऱ्यानं उडेल अशी. "पिशवी धरायला येते," असं ते सांगायचे. पाने, करवतीचं पातं, चिकटपट्ट्या, सगळं त्या पिशवीत असायचं, आणि ती पिशवी बायकोपेक्षा वजनदार असावी. आम्ही तिला गमतीनं मिस्त्रीणबाई म्हणायचो. ती हसायची, बोलायची कमी.

गेल्या वर्षी माझ्या लेकानं आणि सुनेनं न्हाणीघर नवं केलं. बेसिनखाली कपाट हवं म्हणून सुतार बोलावला. सुतारानं कपाट केलं देखणं. मधोमध खण, एका बाजूला फळी, दार उघडलं की कसलाच आवाज नाही. फक्त बेसिनचं पाणी जाणार कुठून, हे विचारायचं राहिलं. भिंतीतला पाइप पार कोपऱ्यात, फळीच्या मागं. तिथं हात घालायला जागा दीड वीत, आणि तीही खण बाहेर काढल्यावर.

लेकानं मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्रींनी कपाटात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सुतार सासरचा आहे का हो तुमच्या?"

"का?"

"एवढा सूड परका माणूस उगवत नाही."

बेसिनच्या खाली तो जो वाकडा पाइप असतो, त्याला ते ट्रॅप म्हणतात. त्याच्या वाकणात घोटभर पाणी कायम अडून राहतं. त्या पाण्यामुळं गटाराचा वास वर येत नाही. मिस्त्रींनी मला हे समजावून सांगितलं होतं. मी तेव्हा मान डोलावली. मीही असंच घोटभर पाणी तोंडात धरून बसले असते, तर पुढचं काही घडलं नसतं.

"दार लावून घेतो, आजी," मिस्त्री म्हणाले. "धूळ उडेल. पाइप कापायचाय."

दोघं आत गेली, दार लागलं. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागले. "हंऽऽ... हुश्श... आई गं..." लेक बाहेर बसून म्हणाला, "बघ आई, दुखऱ्या खांद्यानं केवढे कष्ट!" मलाही वाईट वाटलं. मी चहा टाकला आणि कप घेऊन दारापाशी गेले. आमच्या न्हाणीघराची कडी नवीन होती, पण दाराशी तिचं अजून जमलं नव्हतं. कोपर लागलं आणि दार चार बोटं उघडलं.

मिस्त्री पालथ्या बादलीवर बसले होते. समोर कपाटातून दोन पाय बाहेर आलेले, टाचा भेगाळलेल्या. बाकीची मिस्त्रीणबाई कपाटाच्या पोटात, पाठीवर उताणी. आणि मिस्त्री तिला हलक्या आवाजात सांगत होते, "वॉशरची सपाट बाजू नटाकडे. निमुळती आत. लागली?"

"लागली."

"आता दाराकडे फिरव. हातानंच. पाना नको लावू लगेच, प्लास्टिक आहे, चिरेल."

उताणं निजल्यावर डाव्याचं उजवं होतं, म्हणून त्या दोघांत डावं-उजवं नव्हतंच. दाराकडे आणि खिडकीकडे, एवढंच. सांगून झालं की मिस्त्री तोंड दाराकडे वळवायचे आणि मोठ्यानं कण्हायचे, "हुश्शऽऽ!" बाहेरच्यांना ऐकू जावं म्हणून.

तोंड वळवलं तशी त्यांना मी दिसले.

मिस्त्रींनी डावा हात उचलला, उजव्यापाशी नेला, आणि छातीशी हात जोडले. माझ्या लेकाएवढा माणूस, माझ्याकडे बघून हात जोडून बसलेला. मी मान हलवली, कुणाला नाही सांगणार अशा अर्थानं, आणि दार ओढून घेतलं.

काम झाल्यावर त्यांनी सांध्यांखाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरला, बेसिन काठोकाठ भरलं आणि बूच एकदम काढलं. पाणी गडगडत गेलं. थेंब पडला की कागदावर डाग उमटतो, डोळ्यांना दिसला नाही तरी कागदाला कळतो. डाग नव्हता. बाहेर आले तेव्हा मिस्त्रींच्या सदऱ्याच्या बाह्या ओल्या होत्या. त्या मुद्दाम ओल्या केल्या होत्या, हे मला आता कळत होतं. मिस्त्रीणबाईनं केसांतला भुसा झटकला होता, पण मागं थोडा राहिलाच होता.

"कमाल आहे मिस्त्री," लेक म्हणाला. "एवढ्याशा फटीत तुम्ही शिरलात तरी कसे?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

"अनुभव असतो रे," मी म्हटलं.

तीन दिवस मी ते पोटात ठेवलं. माझ्या पोटात गोष्ट तीन दिवस राहिली, हाच मुळात चमत्कार होता.

आमच्या जिन्याच्या खाली एक बाक आहे. संध्याकाळी इमारतीतल्या आम्ही सात-आठ बायका तिथं जमतो. चौथ्या दिवशी कुणाकडेच सांगायला काही नव्हतं. गुडघेदुखी सांगून झाली, सुना सांगून झाल्या. आणि माझ्या तोंडून गेलं, "आपले मिस्त्री कण्हतात ना आतून, ते का कण्हतात माहितेय?"

मग मी थांबलेच नाही. बाकावरच पालथ्या बादलीवर बसल्यासारखी बसले. हात मांडीवर ठेवून कण्हले. मग हलक्या आवाजात, "दाराकडे फिरव गं." मग पुन्हा मोठ्यानं, "हुश्शऽऽ, मेलो!" बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. वरच्या मजल्यावरच्या दोघी जावांपैकी थोरली तर डोळे पुसत होती. "आजी, पुन्हा! एकदाच पुन्हा!"

मी पुन्हा केलं. एकदा नाही, तीनदा.

का केलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. घरात मी बोलते तेव्हा दोनदा सांगितल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही. लेक मोबाइलमधून "हं" म्हणतो. आणि इथं सगळ्या बायका माझ्या पुढच्या शब्दासाठी वाट बघत होत्या. म्हातारपणी टाळ्या कुठून मिळतात हो? त्या मिळाल्या आणि मी त्यांच्यासाठी एका माणसाचे जोडलेले हात विकले. मी "मिस्त्रींनी हात जोडले होते" एवढंच त्या बायकांना सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या.

आठवड्यानं त्या जावांच्याच घरी बेसिनचा ट्रॅप चिरला. मिस्त्रींना बोलावलं. दोघं गेली, दार लागलं. पुढचं मला धाकटीनं सांगितलं, आणि तेही हसतच. आतून मिस्त्री कण्हले, "हंऽऽ." तर बाहेर बसलेल्या या चौघांनी, दोघी जावा आणि दोघे नवरे, एका सुरात उत्तर दिलं, "हंऽऽ! हुश्शऽऽ! दाराकडे फिरव गं!"

आतलं कण्हणं थांबलं. मग कपाटातून काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं. मिस्त्री पिशवी घेऊन बाहेर आले, मागोमाग ती. पाइप तसाच लोंबकळत होता. "अहो, थट्टा केली," थोरली म्हणाली. मिस्त्रींनी चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरले.

ते माझ्या दारावरूनच गेले. मी दाराच्या भिंगातून बघत होते. पिशवी त्या दिवशी मिस्त्रींनी स्वतः उचलली होती, दुखऱ्या खांद्यावर. माझ्या दारापाशी ते क्षणभर थांबले. बेल वाजवतील, असं वाटलं. त्यांनी बेल वाजवली नाही. मी मात्र भिंगाला डोळा लावून, श्वास धरून, चोरासारखी उभी राहिले, आपल्याच घरात.

तीस वर्षांत त्या माणसानं काम अर्धं सोडलं नव्हतं. आता वरच्यांच्या बेसिनखाली बादली, आणि मिस्त्री फोन उचलत नव्हते. कुणाचाच. पंधरा दिवस झाले. कुणी म्हणालं काम सोडलं, कुणी म्हणालं गावी गेले. बाकावर बायका म्हणायच्या, "आजी, करून दाखवा ना." मी म्हणायचे, "घसा बसलाय."

मग मला एक युक्ती सुचली. आमचाच ट्रॅप गळायला लागला, तर मिस्त्रींना यावंच लागेल. आपण बसवलेला सांधा गळतोय हे त्यांना सोसायचं नाही. ते आले की त्यांना गोडीगुलाबीनं चहा पाजावा, माफीबिफी मागायची पाळी न येता सगळं मिटवावं. दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खण काढला, खाली बसले, बसताना गुडघ्यांनी शिव्या दिल्या, आणि हात आत घालून बेसिनखालचा वरचा नट खिडकीकडे फिरवला. हातानंच आवळलेला, हातानंच सुटला. काळं वॉशर टपकन खाली पडलं. ते मला पुन्हा बसवता येईना, म्हणून मी तसंच ठेवलं आणि उठले.

संध्याकाळी लेकानं दाढीला पाणी सोडलं आणि निम्मं कपाटात. नवं लाकूड फुगलं. लेक ओरडत बाहेर आला, "म्हणे तीस वर्षांचा अनुभव! बायकोला आत घालून काम उरकायचं, मग असंच होणार!"

माझं बोलणं फिरून माझ्याच घरात आलं होतं. लेकाला ते बाकावरून नव्हे, वरच्या दादल्यांकडून कळलं होतं.

"मी आताच इमारतीच्या ग्रुपवर टाकतो," तो म्हणाला. "यांना यापुढं कुणी बोलावू नका. काम कच्चं आहे, फोटोसकट टाकतो." आणि तो खरंच वाकून फोटो काढायला लागला.

मिस्त्रींचं हसं झालं होतं, पण काम कच्चं आहे असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तेवढं एकच त्यांच्याकडे उरलं होतं. मी पदर खोचला.

"टाकू नकोस."

"का?"

"नट मी सैल केला."

लेक कपाटातून डोकं काढताना फळीला आपटला. "काय?"

"मी केला. दुपारी. खण काढून."

"आई, तू? बेसिनखाली? कशाला?"

"मिस्त्री यावेत म्हणून."

"मग फोन करायचा!"

"उचलत नाहीत."

"का उचलत नाहीत?"

मग मला सगळं सांगावं लागलं. बादली, कण्हणं, बाक, तीनदा केलेली नक्कल. लेकाला आधी हसू आलं, मग ते मावळलं. सून टॉवेलनं पाणी टिपत होती, ती थांबली. हलक्या आवाजात म्हणाली, "आई, त्यांनी हात जोडले होते, तरी?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस्त्रींच्या घरी गेले. टायरच्या दुकानामागं एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला दोन खोल्या. मिस्त्रीणबाई पायरीवर बसून तेलाच्या फडक्यानं पाने पुसत होती. एकही पाना घाण नव्हता. ती नुसतीच पुसत होती.

"आजी? तुम्ही इतक्या लांब?"

"मिस्त्री आहेत?"

"आहेत की. जाणार कुठं." तिनं मला पायरीवर जागा करून दिली. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. काल मी म्हटलं, मी एकटी जाते कामाला. तर म्हणाले, जा, तुला काय माझी गरज."

तीच बोलत राहिली. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "लोकांना वाटलं यांचं नाटक. नुसतं नाटक नव्हतं आजी. मी आत आवळायची ना, तेव्हा यांचा हात इथं बाहेर आवळला जायचा आपोआप, आणि खांद्यातून कळ यायची. कधी कधी मी फिरवायच्या आधीच कण्हायचे. मग मला आत हसू यायचं, आणि हसताना पोट फळीला लागायचं. हे विचारायचे, काय झालं गं? मी म्हणायची, काही नाही, तुम्ही कण्हा." ती पाना हातात धरून थांबली. "आमची आमच्यात गंमत होती ती."

म्हणजे मी त्यांचं नुसतं गुपितच नव्हे, गंमतही उचलून नेली होती.

"मीच सांगितलं," मी म्हटलं. "त्यांनी हात जोडले होते, तरी मी सांगितलं. नक्कल करून सांगितलं. आणि काल मीच आमचा नट सैल केला, मिस्त्री यावेत म्हणून."

मिस्त्रीणबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मला वाटलं, आत मिस्त्रींनी ऐकलं नसेल. पुन्हा सांगायचं बळ माझ्यात नव्हतं. तेवढ्यात आतून मिस्त्रींचा आवाज आला.

"कुठला नट? वरचा की भिंतीकडचा?"

"वरचा," मी म्हटलं.

"वॉशर?"

"खाली पडलं. कपाटातच आहे."

"कुणी उलटं तर नाही ना बसवलं? पाना लावला का कुणी?"

"लेक लावत होता. सुनेनं अडवलं."

खाट करकरली. मिस्त्री दारात आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. त्यांनी माझ्याकडे नाही, बायकोकडे पाहिलं. "पिशवी घे. लाकूड फुगलं असेल."

आमच्या घरी त्यांनी न्हाणीघराचं दार लावलं नाही. लेक आणि सून बाहेर उभी होती, तरी लावलं नाही. खण काढला, बादली पालथी केली, बसले आणि म्हणाले, "आत जा." ती आत गेली. "सपाट बाजू नटाकडे. दाराकडे फिरव." एवढंच. कण्हले नाहीत. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. कळ येत होती आणि ते गिळत होते. मला ते कण्हणं हवं होतं हो, पण मागायचं कोणत्या तोंडानं?

कागद कोरडा राहिला. लेक म्हणाला, "मिस्त्री, चुकलंच आमचं." त्यांनी मान हलवली. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. बायकोला मात्र घ्यायला सांगितलं. तिचा पिऊन होईपर्यंत ते उभेच होते. मग माझ्याकडे वळले.

"वरच्या मजल्यावर माझं काम अर्धं राहिलंय. तुम्ही बरोबर चला."

"मी? मी कशाला, मिस्त्री?"

"तिथं तुमची नक्कल पोचली होती माझ्या आधी," ते म्हणाले. "मग मी गेलो."

मी गेले. दोन जिने, कठड्याला धरून. थोरलीनं दार उघडलं, आम्हा तिघांना पाहिलं, आणि तिच्या तोंडाला हसू फुटलं. "अगं बाई, आजी! आज काय, खेळ प्रत्यक्ष दाखवणार की काय?"

आतून तिचा दादला म्हणाला, "तिकीट किती?"

माझ्या मागं मिस्त्री उभे. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटलं, "खेळ नाही. यांनी मला हात जोडून सांगितलं होतं, कुणाला बोलू नका म्हणून. मी मान हलवली आणि येऊन तुम्हाला हसवलं. काम यांच्या बायकोनं केलं, ते यांनी शिकवलंय, आणि ते आमच्याकडे टिच्चून उभं आहे. गळलं ते माझ्यामुळं, मी नट सैल केला. हसायचं तर माझ्यावर हसा."

थोरलीचं हसू तोंडावरच राहिलं, ते कुठं ठेवावं तिला कळेना. धाकटी हळूच म्हणाली, "हात जोडले होते, ते नाही सांगितलंत आजी तुम्ही." मी मान खाली घातली.

"बादली आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

दादल्यानंच उठून बेसिनखालची बादली रिकामी करून दिली. दार उघडंच राहिलं. मिस्त्रीणबाई आत सरकली. चौघं जण भिंतीला टेकून उभी होती, आणि त्यांच्यातलं कुणी खोकलंसुद्धा नाही. नवा पाइप बोटभर जास्त लांब होता, तो पेन्सिलीची खूण करून कापावा लागला. तो बसवताना, शेवटचा वेढा देताना, मिस्त्रींच्या तोंडून एकदम निसटलं, "हंऽऽ..." त्यांनी झटकन तोंड मिटलं. कुणी हसलं नाही. कपाटाच्या आतून मात्र बारीकसं खुदकन ऐकू आलं.

काम झालं. ते दोघं निघाले, मागून मी. उतरताना माझे गुडघे फारच कुरकुरत होते. मिस्त्री पुढं गेले, एकदाही मागं वळले नाहीत. आमच्या दारावरूनही तसेच गेले. मिस्त्रीणबाई प्रत्येक वळणावर पिशवी खाली टेकवून थांबायची, मी पोचले की पुन्हा उचलायची. माझं दार आल्यावर म्हणाली, "येते आजी." आणि धावत जिना उतरली, कारण खालून आवाज आला होता, "आलीस का गं?"